नवा कॅमशाफ्ट बसवण्याआधी जुना कशाने झिजला ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. टर्बो पेट्रोल गाडी, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन, वय पाच वर्षं, ४८,००० किलोमीटर. वाकडहून हिंजवडीला रोज जा-ये, एका बाजूचं अंतर सहा-सात किलोमीटर. चढावर गाडी ओढेना, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने फ्युएल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी असल्याचा कोड दाखवला. पेट्रोलचा दाब वाढवणारा हाय-प्रेशर पंप उतरवला तर त्याखालचं टॅपेट (मधली धातूची टोपी) आणि त्याला ढकलणारा कॅमशाफ्टवरचा लोब (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा), दोन्ही झिजलेले निघाले. एक गॅरेज म्हणतं नुसतं टॅपेट बदला, दुसरं म्हणतं कॅमशाफ्टही बदलावा लागेल, आणि घरचे म्हणतात गाडीच विकून टाका.

कॅमशाफ्ट बदलावा लागेल, यात मला शंका नाही. पण आज लगेच बदलू नका. ४८,००० किलोमीटरला लोब झिजणं हे वयाने आलेलं नाही, त्यामागे काहीतरी कारण आहे. ते कारण इंजिनात तसंच राहिलं तर नवा कॅमशाफ्टही तेवढ्याच किलोमीटरला, किंवा त्याआधीच, बाहेर काढावा लागेल. गॅरेज उघडून मला बरीच वर्षं झाली. एकाच इंजिनाचा तोच भाग दुसऱ्यांदा बदलायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि पहिल्या वेळी कुणी कारण शोधलंच नव्हतं, हे दर वेळी लक्षात येऊन फार वाईट वाटतं. तुमच्या बाबतीत ते टाळता येईल.

आधी नुसत्या टॅपेटचं बघू. लोबला वरून कडक केलेला थर असतो. तो थर गेला की आतलं लोखंड मऊ असतं. शिवाय झिजलेल्या लोबची उंची आणि वळण दोन्ही बदललेलं असतं, त्यामुळे पंपाचा दट्ट्या पूर्ण ढकलला जात नाही आणि दाब कमीच राहतो. अशा खडबडीत लोबवर नवं टॅपेट ठेवणं म्हणजे त्याला कानशीवर घासणं. महिना-दोन महिने बरं वाटेल, दिवा विझेल, मग पुन्हा तेच. पंपाखालची स्प्रिंग कडक असते आणि पंपाला २०० ते ३५० बार दाब तयार करायचा असतो, त्यामुळे इंजिनातल्या सगळ्यात जास्त ताण सोसणाऱ्या सांध्यांपैकी हा एक आहे. काही इंजिनांत इथे सपाट चेहऱ्याचं टॅपेट असतं, काहींत रोलर. सपाट टॅपेट घसरत चालतं, रोलर गडगडत. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या २.० टीएफएसआय इंजिनात, ज्याला ईए११३ म्हणतात, काळ्या लेपाचं सपाट टॅपेट होतं. ते झिजून मधोमध भोक पडल्याची प्रकरणं जगभर गाजली. पुढच्या पिढीत त्यांनी तिथे रोलर आणला. तुमच्या इंजिनात कोणता प्रकार आहे ते पार्ट नंबरवरून काढा. सपाट असेल तर ठराविक किलोमीटरला उघडून बघणं तुमच्या देखभालीचाच भाग धरा.

आता झिजेचा चेहरा वाचायचा. जुना लोब आणि टॅपेट गॅरेजमधून परत मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका. स्वच्छ पुसून उजेडात तिरके धरा. घासण्याच्या दिशेने बारीक समांतर रेघा दिसल्या, बोटाच्या नखाला लागतील अशा, तर धूळ आत गेली आहे. रेघा नसून पृष्ठभाग फाटल्यासारखा, ओढल्यासारखा, एका जागचं धातू दुसरीकडे चिकटल्यासारखा असेल तर ऑइलचा थर तुटून लोखंडाला लोखंड भिडलं आहे. याचा अर्थ ऑइल पातळ झालं होतं, कमी पोहोचत होतं किंवा चुकीचं होतं. छोटे छोटे खड्डे, जणू टाचणीने टोचले आहेत असे, असतील तर धातू थकून त्याचे कण निघाले आहेत. तिथे भागाच्या दर्जाकडे, कडकपणाकडे आणि इंजिन रीमॅप करून (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) वाढवलेल्या भाराकडे बघावं लागतं. निळसर-तपकिरी झाक म्हणजे उष्णता. आणि नुसता आरशासारखा गुळगुळीत, पण उंची कमी झालेला लोब दिसला तर बारीक काजळीने भरलेलं ऑइल खूप काळ फिरत होतं, हा माझा पहिला अंदाज असतो. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात काजळी होते, आणि ती ऑइलमध्ये उतरली की पॉलिश पेपरचं काम करते. टायमिंग चेनच्या पिना झिजून चेन लांबते तीही बहुतेक याच काजळीने.

गाडी रीमॅप केली असेल तर मेकॅनिकला खरं सांगा. लाज वाटायचं काही कारण नाही, पण ते लपवलं तर निदान चुकतं.

दुसरा पुरावा ऑइलमध्ये आहे. इंजिन उघडायच्या आधी ते चालू करून गरम करता आलं तर करा, मग ड्रेन बोल्ट काढून पहिली धार सोडून द्या आणि मधल्या धारेतलं शंभरेक मिली ऑइल स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे वंगण तपासणाऱ्या प्रयोगशाळा पुण्याच्या आसपास सापडतात. एका नमुन्याचा खर्च कॅमशाफ्टच्या किमतीपुढे किरकोळ असतो. त्यांच्याकडून १०० अंशांवरची स्निग्धता (ऑइलचा दाटपणा), पेट्रोलचं प्रमाण, लोह, तांबं, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन एवढं मागा. लोह चढलेलं येणारच, कारण लोब झिजला आहे. खरी बातमी बाकीचे आकडे देतात. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही चढलेले असतील तर रस्त्यावरची धूळ. तांबं चढलेलं असेल तर टर्बोच्या बुशांकडे आणि बेअरिंगांकडे बघा. स्निग्धता खाली आणि पेट्रोल वर असेल तर कारण जवळजवळ हातात आलं.

ऑइल फिल्टरही फेकू नका. तो कटरने कापा, करवतीने कापला तर करवतीचाच चुरा आत पडतो आणि वाचन बिघडतं. कागदाच्या घड्या पिळून पांढऱ्या कपड्यावर पसरा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. न चिकटणारे पिवळसर कण दिसले तर कॅमशाफ्टच्या पलीकडेही काम निघालंय असं समजा.

तुमच्या वर्णनावरून माझा सगळ्यात मोठा संशय मात्र पेट्रोलवर आहे, आणि इथे जरा थांबून सांगतो.

सहा-सात किलोमीटरच्या प्रवासात कूलंटचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. थंड इंजिनात जास्त पेट्रोल फवारलं जातं, ते सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. ऑइल नीट तापून काही काळ तसंच राहिलं तर त्यातलं बरंचसं पेट्रोल वाफ होऊन निघून जातं. तुमच्याकडे ते तापेपर्यंत ऑफिस येतं. सगळं पेट्रोल तसंही उडत नाही, त्यातले जड घटक २०० अंशांच्या आसपास उकळतात. ऑइलमध्ये पाचेक टक्के पेट्रोल साठलं तरी ३० ग्रेडचं ऑइल जवळपास २० ग्रेडसारखं वागू लागतं. लोब आणि टॅपेटमधला ऑइलचा थर मुळातच एका मायक्रॉनहून पातळ असतो. तिथे हा फरक जिवावर येतो.

एक खूण तुम्ही घरी बघू शकता. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी डिपस्टिक बघा. पातळी दोन सर्व्हिसांच्या मध्ये वर चढत असेल, किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल साठतंय. पातळी तसूभर हलत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. इंजिन ऑइल खात असेल आणि तेवढंच पेट्रोल त्यात पडत असेल तर पातळी जागच्या जागी दिसते. मग एखाद्या रविवारी महाबळेश्वरला जाऊन आलात की पातळी एकदम खाली गेलेली दिसते आणि लोक म्हणतात, लांबच्या प्रवासात गाडी ऑइल प्यायली. खरं तर साठलेलं पेट्रोल उडालेलं असतं.

आता या पेट्रोलचा दुसरा, जास्त वाईट रस्ता. हाय-प्रेशर पंपाच्या दट्ट्याभोवती एक सील असतं. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं ऑइल. हे सील गळायला लागलं तर पेट्रोल थेट त्याच टॅपेटवर आणि लोबवर पडतं, जिथे वंगणाची सगळ्यात जास्त गरज आहे. म्हणजे पंप हा इथे झीज सोसणाराही असू शकतो आणि झीज करणाराही. कॅमशाफ्ट नवा, टॅपेट नवं आणि पंप तोच जुना गळका, असं काम झालं तर पैसे पाण्यात. पंप बाहेर आलाच आहे, तर दट्ट्याचं बूड कोरडं आहे का बघायला सांगा. टाकीतला पंप चालू करून कमी दाबाच्या बाजूने पेट्रोल दिलं की गळती दिसते. हे काम आगीची पूर्ण काळजी घेऊनच करायचं, अंगणात स्वतः नाही. रेलमधला दाब सोडल्याशिवाय हाय-प्रेशर पाइपच्या नटाला पाना लावू देऊ नका. त्या दाबाची धार कातडीत शिरते. तुमची गाडी २०२३च्या आधीची असेल तर ती ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी प्रमाणित आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघा आणि सील फुगलंय किंवा कडक झालंय का तेही तपासून घ्या.

याच संदर्भात इंजेक्टरविषयी. तुम्हाला चारही इंजेक्टर बदलायला सांगितलं असेल तर कारण विचारा. लोब आणि टॅपेटचा चुरा ऑइलच्या बाजूला पडतो, पेट्रोलच्या नाही. पंप आतून जाम होऊन त्याचे कण रेलमध्ये गेल्याचा पुरावा असेल तरच तो खर्च पटण्यासारखा आहे.

किलोमीटरचा आकडा पुण्यात फसवतो. डॅशबोर्डवर सरासरी वेग दिसतो तो बघा. वाकड-हिंजवडीला तो ताशी १८ आहे असं धरलं तर ४८,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे जवळपास २,६७० तास. हीच गाडी महामार्गावर ताशी ७०च्या सरासरीने चालली असती तर ७०० तासही भरले नसते. वर्षातून एकदा ऑइल बदललंत, म्हणजे दर ९,६०० किलोमीटरला, तर एकेका ऑइलने ५३० तासांहून जास्त काम केलं. कंपनीच्या पुस्तकात खडतर वापरासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक बहुधा असतं. छोटे प्रवास, सिग्नलला उभं राहणं, धूळ, हे सगळं त्यात येतं. म्हणजे पुण्यातल्या बहुतेक गाड्या त्याच रकान्यात बसतात, तरी सर्व्हिस सेंटर आपल्याला ते पान दाखवत नाही. तुमच्या वापराला मी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, असं सांगेन. शिवाय आठवड्यातून एकदा तरी गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर काढा.

धुळीचंही बघून घ्या. मेट्रोची कामं, अर्धवट रस्ते, बांधकामं; हिंजवडी पट्ट्यात एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या काळात भरतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे सर्व्हिसला कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवतात. जोराच्या हवेने कागदाचे तंतू सुटतात, आणि फिल्टर स्वच्छ दिसत असूनही बारीक धूळ आत सोडू लागतो. नवा फिल्टर काही शेकड्यांत येतो. फिल्टरच्या खोक्याची रबरी कड आणि तिथून टर्बोपर्यंतचा पाइप हात फिरवून तपासा, आतून पांढऱ्या कपड्याने पुसा. कपडा मातकट झाला तर गळती सापडली. त्या पाइपातल्या चिरेतून गेलेली माती थेट टर्बोच्या पात्यांवर आपटते आणि पुढे सिलिंडरमध्ये जाते.

आणि टर्बो. तो त्याच ऑइलवर जगतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरणारा दांडा फक्त ऑइलच्या थरावर तरंगत असतो, त्यामुळे लोबपर्यंत पोहोचलेलं संकट त्याच्यापर्यंत पोहोचलं नसेल असं गृहीत धरता येत नाही. पाइप काढून दांडा बोटाने हलवून बघायला सांगा. बाजूला किंचित हलणं साध्या बुशांच्या टर्बोत स्वाभाविक आहे, त्यावरून कुणी टर्बो गेला म्हणत असेल तर घाबरू नका. पुढे-मागे हलणं मात्र हाताला जाणवता कामा नये, आणि पातं घराला घासल्याची खूण तर अजिबात नको. ऑइल आणणारी बारीक नळी काढून बघा, आत काळा जळका थर असेल तर ती साफ करत बसू नका, नवी टाका. काही इंजिनांत तिच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते; लोबचा चुरा नेमका तिथे अडकतो आणि महिन्याभरात टर्बो कोरडा पडतो. टर्बोतून ऑइल फेकलं जातंय असं दिसलं तर टर्बोला दोष देण्याआधी क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतली, वाफ बाहेर नेणारा व्हॉल्व्ह तुंबलाय का बघा.

ऑइल कोणतं, यावर पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर वेगळं मत मिळतं. झीज झाली म्हणून जाड ऑइल भरा, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळाला असेल. २०डब्ल्यू-५० भरून आवाज दबतो, पण थंडीत सकाळी ते लोबपर्यंत उशिरा पोहोचतं, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा अडखळते आणि झीज चालूच राहते. पुस्तकात कंपनीचा जो मान्यता क्रमांक आहे तो डब्यावर जसाच्या तसा लिहिलेला असला पाहिजे. पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील, समजा ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३०, तर तुमच्या वापराला मी जाड असलेला निवडेन, कारण पेट्रोल मिसळून तो पातळ होणारच आहे. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, हिचा एसपी हा ऑइलचा दर्जा मे २०२०पासून आला. त्यात टर्बो, थेट इंजेक्शनच्या इंजिनावर टायमिंग चेनची झीज मोजणारी चाचणी आणि कमी फेऱ्यांवर होणारा अवेळी स्फोट मोजणारी चाचणी अशा दोन्ही आहेत. कंपनीची मान्यता आणि हा दर्जा, दोन्ही असलेलं ऑइल घ्या, पक्कं बिल घ्या, सील तुमच्यासमोर तोडायला लावा. ॲडिटिव्हच्या बाटल्या टाकू नका.

तो अवेळी स्फोट म्हणजे चांदणी चौकाच्या चढाला गाडी पाचव्या गिअरमध्ये, १,४०० फेऱ्यांवर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटू शकतं, आणि पिस्टनची रिंग धरणारी कड तुटू शकते. गिअर खाली टाका, इंजिनाला फिरू द्या. बोरघाट चढून लोणावळ्यात चिक्कीला थांबणार असाल तर टर्बो निवण्यासाठी शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा. शहरातल्या वेगात मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसायची गरज नाही.

दुरुस्तीचा क्रम मी असा धरेन. चेंबर उतरवून धुवायचं, ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी साफ करायची. इंजिनात ऑइलमध्ये बुडालेला रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तो याच वेळी बघायचा, कारण पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने तो सुटतो आणि त्याचे तुकडे हीच जाळी तुंबवतात. चेन असेल तर तिचा ताण आणि कॅम-क्रँकमधला फरक स्कॅनरवर मोजायचा. कॅमशाफ्ट ज्या जागांत फिरतो त्या हेडमधल्या (इंजिनच्या वरच्या भागातल्या) जागांवर ओरखडे नाहीत याची खात्री करायची. तिथे खोल ओरखडे असतील तर हिशोब पूर्ण बदलतो. मग नवा कॅमशाफ्ट आणि नवं टॅपेट, जोडीनेच. नाना पेठेत सुटे भाग मिळतील, पण पार्ट नंबर जुळवा आणि पंपाच्या लोबच्या बाबतीत स्वस्त पर्यायाकडे जाऊ नका. बसवताना लोबवर असेंब्लीची पेस्ट लावायची आणि पहिल्यांदा इंजिन पेटू न देता फिरवून ऑइलचा दाब आणायचा. दाब साध्या यांत्रिक गेजने, गरम इंजिनावर मोजून कागदावर लिहून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फार उशिरा लागतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर इंजिन बाहेर उघडू नका. आधी लेखी तक्रार, जॉब कार्डची प्रत, फोटो. नकार आला तर तोही लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ५० लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. जुना लोब, टॅपेट, फिल्टर आणि ऑइलची बाटली जपून ठेवायला सांगितली ती यासाठीही.

विकायचं म्हणाल, तर हेड शाबूत आणि टर्बोचा दांडा ठीक असेल तर विकू नका. दुरुस्त गाडीचं मोल अशी अर्धवट विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त राहतं, आणि दोष लपवून ती दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात मारणं बरोबर नाही. हेड आणि टर्बो दोन्ही गेले असतील तर मात्र खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि मग निर्णय करा.

काम झाल्यावर पहिलं ऑइल आणि फिल्टर १,००० किलोमीटरला बदला. आत राहिलेला चुरा त्यात येतो. तो फिल्टरही कापून बघा. ५,००० किलोमीटरला ऑइलचा नमुना पुन्हा तपासायला द्या आणि लोह व पेट्रोल हे दोन आकडे आधीच्या अहवालाशेजारी ठेवा. त्याच वेळी पंप उतरवून टॅपेटचा चेहरा बघून घ्या. बसवताना ओ-रिंग नवी, पंपाचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, आणि हाय-प्रेशर पाइप पुस्तकातल्या टॉर्कवर.